रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

१

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या, "हे स्पष्ट दिसतंय, की आधीचं?" असं गोड आवाजात विचारायचं, आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत कोंडून घेऊन नरड्याच्या शिरा फुटेस्तोवर किंचाळायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. ब्लॅक मेटल म्हणतात त्या संगीताला. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी फार हळहळू नये. गिटार करवतीसारखी चालते, ड्रम थांबायचं नाव घेत नाहीत, आणि या सगळ्याच्या मागे, पार मागे, एक माणूस असा ओरडत असतो की शेजारच्यांनी पोलिसांना बोलवावं. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळी, अंगात काळे कपडे. रेकॉर्डिंग जितकं खरखरीत तितकं चांगलं. त्या दुनियेत स्वच्छ आवाजाला कुणी विचारत नाही.

त्या दुनियेत त्याचं एक भलंमोठं, अंगावर काटा आणणारं नावही होतं. पण बायकोला ते नाव हसल्याशिवाय उच्चारता यायचं नाही. त्याला रंग फासलेला पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "अगंबाई, हा कुठला कावळोबा आला घरात!" झालं. तेच नाव चिकटलं. आपणही त्याला कावळोबाच म्हणू, नाहीतरी त्याला आता तसं म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

कावळोबाचा बँड म्हणजे कावळोबा एकटाच. गिटार त्याची, ड्रम त्याचे, किंकाळ्याही त्याच्याच. आणि या माणसाची एक शिस्त होती. कुठलंही वाद्य हातात घेण्याआधी तो रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग करायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. ती आधी घेऊन ठेवायची, मग गाण्याच्या तळाशी सतरंजीसारखी अंथरायची, म्हणजे दोन सुरांच्या मधे भोकं पडत नाहीत. त्यासाठी माइक चालू करायचा, स्वतः बाहेर पडून दार ओढून घ्यायचं आणि गॅलरीत जाऊन उभं राहायचं. आपला श्वाससुद्धा त्यात नको. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. बायको मधेच काही बोलायला गेली की तो ओठांवर बोट ठेवायचा. मुलगी, म्हणजे ठकू, पोहण्याच्या तलावावर शिकवायची, पाण्यातल्या पोरांना ऐकू जावं म्हणून दिवसभर ठणाणा करायची. बायको म्हणायची, "या घरात ओरडायचं कंत्राट तुम्हा बापलेकींकडे आणि गप्प बसायचं माझ्याकडे."

मग ती गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेलं, बघता बघता गेली. आणि सगळं उरकल्यावर, माणसं पांगल्यावर, कावळोबाच्या लक्षात आलं की आपल्याकडे कपाट भरून आवाज आहेत, आणि त्यात तिचा एकही नाही. कसा असेल? ती गप्प झाल्याशिवाय तो माइकच चालू करत नसे.

ठकूच्या फोनवर दोन-चार व्हिडिओ होते. त्यात आई हात हलवत "बंद कर गं ते" म्हणायची, तेही लोकांच्या गोंगाटात, लाजलेल्या, खोट्या आवाजात. कावळोबाने ते इतक्यांदा ऐकले की शेवटी त्यात ती उरलीच नाही, नुसता फोन बोलायला लागला. त्याला तो आवाज नको होता. स्वयंपाकघरातून, मान वर न करता, हातातलं काम न सोडता ती हाक मारायची, तो हवा होता. आणि तोच त्याला आठवेना. शब्द आठवत, चेहरा आठवे, आवाज मात्र आठवायला जावं तर जिभेवर आलेल्या नावासारखा मागे सरे. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला आणि काय?

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी त्याने माइकवरची धूळ पुसली. नवा अल्बम करायचा म्हणून नाही, रिकाम्या घरात करायचं काय म्हणून. ठकू तलावावर गेली होती. नेहमीप्रमाणे आधी खोलीचं रेकॉर्डिंग केलं, गॅलरीत उभा राहिला, परत आला, हेडफोन चढवले.

खोलीची शांतता होती. तीत भिंतीपलीकडच्या फ्रिजची घरघर होती. आणि त्या घरघरीच्या खाली, जरा लांबवर, काहीतरी वर चढत होतं आणि खाली येत होतं. कुणीतरी कुणालातरी हाक मारावी तसं.

२

शेजारचा टीव्ही असेल, तो म्हणाला. रस्त्यावरून कुणी गेलं असेल. चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस होता तो. लोकांना काय दिसावंसं वाटतं आणि खरंच काय दिसतं यातला फरक त्याला ठाऊक होता. म्हातारी माणसं खालची ओळ घडाघडा वाचून दाखवायची, आणि पाटीवर अक्षरं भलतीच असायची.

म्हणून त्याने पुढच्या सुट्टीला पुन्हा रेकॉर्डिंग केलं. खिडक्या लावून घेतल्या. शेजारी कुलूप होतं, तेही पाहून आला. तरी ते होतंच, फक्त या वेळी लवकर आलं होतं.

आता फ्रिज मधून काढायला हवा होता. ते काही अवघड नसतं. नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा निवडायचा, संगणकाला दाखवायचा, "हा नको" म्हणायचं. मग तो तेवढाच आवाज सगळ्या रेकॉर्डिंगमधून गाळून टाकतो. ब्लॅक मेटलवाली माणसं असलं काही करत नाहीत, खरखर हाच तर त्यांचा दागिना. कावळोबानेही जन्मात कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. फ्रिज गेला आणि मागचा आवाज एक पाऊल पुढे आला.

बाईचा होता. शब्द कळत नव्हते, पण सूर होता, शेवटी किंचित वर उचललेला. कावळोबा हेडफोन तसेच ठेवून बसून राहिला, आणि रडायला येईल असं वाटलं पण आलं नाही.

संध्याकाळी ठकू आली. ओले केस, खांद्यावर पिशवी, घसा बसलेला. पाणी काढायला फ्रिज उघडला आणि तशीच थांबली.

"बाबा, फ्रिज बिघडला वाटतं. आवाजच येत नाहीये."

त्याने जाऊन पाहिलं. दिवा लागला होता. बाटली गार होती. बर्फ जमला होता. त्याने फ्रिजच्या अंगावर तळहात ठेवला तर ते थरथरत होतं. फक्त घरघर नव्हती.

"बरं झालं की," तो म्हणाला. "आपोआप सुधारला."

"आपल्या घरात आपोआप सुधारलेली ही पहिलीच वस्तू," ठकू म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली.

३

त्या उन्हाळ्यात कावळोबाचं संगीत बदललं. ज्यांनी त्याचे जुने अल्बम ऐकलेत ते अजून त्यावर वाद घालतात, आणि प्रत्येकजण आपापलं कारण सांगतो. वय झालं, कुणी म्हणतं. दुःखाने पिकला, कुणी म्हणतं. खरं सांगायचं तर त्याला जागा करायची होती, दुसरं काही नाही.

आधी ड्रम कमी झाले. मग गिटारची करवत थांबली आणि एकेक तार सुटी वाजू लागली, दोन तारांच्या मधे खोलीची शांतता ऐकू येईल इतकी सुटी. किंकाळ्या तर त्याने जवळजवळ सोडल्याच. एका गाण्यात तो ओरडायला तोंड उघडतो, श्वास घेतो, आणि थांबतो. त्या थांबण्यात, फार मन लावून ऐकलं तर, ती होती. म्हणजे त्याला तरी ती होती.

त्याचे अल्बम काढणारा एक जुना मित्र होता. पहिल्या काळात कॅसेटी विकायचा म्हणून सगळे त्याला कॅसेटवाला म्हणत. टक्कल पडलं, गुडघे गेले, तरी काळा टी-शर्ट सुटला नव्हता. तो एका दुपारी ऐकायला आला. डोळे मिटून सगळं ऐकलं, मग चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, तुझा आवाज स्वच्छ झालाय."

"हं."

"हं काय? आपल्यात स्वच्छ म्हणजे शिवी आहे. पोरं मला फाडून खातील. म्हणतील, कावळा हंस झाला."

"होऊ दे."

कॅसेटवाल्याने आपला उघडा हात पुढे केला. केस उभे राहिले होते.

"पण हे बघ. इतकी वर्षं तू बोंबललास, कधी असं झालं नाही. मधे मधे इतकी जागा का सोडलीयेस रे? असं वाटतं कुणीतरी येऊन बसणार आहे तिथे."

कावळोबा झटकन पुढे वाकला. "तुला ऐकू आलं?"

"काय?"

"काही नाही."

"नाही, काय?"

"काही नाही म्हटलं ना. चहा घे अजून."

कॅसेटवाल्याने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. जाताना दारात म्हणाला, "काढू आपण. जसं आहे तसं काढू. पण तू अधूनमधून बाहेर पडत जा बाबा. चेहरा बघ तुझा, रंग न लावताच पांढरा पडलाय."

४

फ्रिजनंतर कबुतरं होती. खिडकीच्या सज्ज्यावर त्यांचं घुटर्रघूं सतत चालायचं, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमधे ते नेमकं तिच्या आवाजाच्या पोटात बसलेलं असायचं. कावळोबाने त्याचा तुकडा निवडला आणि गाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅलरीत दात घासत उभा होता. कबुतरं सज्ज्यावर होती. एक नर गळा फुगवून गोल गोल फिरत होता, मान खाली-वर करत होता, मादीपुढे चांगलं नाटक चाललं होतं. आवाज शून्य. पंख फडफडले तेव्हा फडफड ऐकू आली. गळा फुगत होता, बसत होता, आणि त्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. कावळोबा तोंडात ब्रश धरून तसाच पाहत राहिला. फेस हनुवटीवर ओघळला तरी त्याला कळलं नाही.

कान गेले असतील, त्याने स्वतःला समजावलं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कानांचे डॉक्टर बसायचे, ओळखीचे होते. त्यांनी तपासून हसत सांगितलं, "तुम्ही इतकं किंचाळता आणि कान माझ्यापेक्षा चांगले. जा, पार्टी द्या." ते ऐकून दुसरा कुणी खूश झाला असता.

मग शिवणकाकू. खालच्या मजल्यावर त्यांचं शिवणयंत्र दिवसभर धडधडायचं. ते काढल्यावर तिचा आवाज इतका जवळ आला की शब्दांच्या कडा लागू लागल्या. दोन अक्षरी काहीतरी होतं, एक लहानसं नाव असावं तसं, आणि पुढे आणखी काहीतरी. तिच्या हाकेतला तो शेवटचा उचललेला सूर! तो ऐकला आणि कावळोबाला स्वयंपाकघरातलं ऊन आठवलं, तिच्या मानेवरचे मोकळे केस आठवले. किती दिवसांनी! त्याने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. पोटात भूक असल्यासारखं ऐकलं.

जिन्यात काकू भेटल्या. चेहरा उतरलेला.

"भाऊ, तुम्ही यंत्रांमधले जाणकार. जरा बघता का माझं यंत्र? सुई चालते, टाका बसतो, पण आवाज नाही. मला बाई भीती वाटते त्याच्यासमोर बसायला. मेलेल्या माणसाशेजारी बसल्यासारखं वाटतं."

तो "बघतो" म्हणाला आणि वर आला. आता मात्र त्याला टाळता येईना. त्याने संगणकासमोर बसून शेवटची गाळणी मागे घेतली. एक कळ दाबायची, शेवटचं केलेलं उलटं होतं. कळ दाबताच खालून धडधड सुरू झाली, आणि पाठोपाठ काकूंचा आवाज, "अगंबाई, चालू झालं!"

हेडफोनमधे ती मागे गेली होती. शब्दांच्या कडा बुजल्या होत्या.

इथे शहाण्या माणसाने संगणक बंद करून खोलीला कुलूप घातलं असतं. कावळोबा काही मूर्ख नव्हता. काय चाललंय ते त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. तो तिथे बराच वेळ बसला. खाली काकू खुशीत भराभर शिवत होत्या. आणि त्याच्या मनात आलं, एका यंत्राची धडधड ती काय! कपडे तर शिवले जातायत ना? कबुतरांची पिल्लं काय उपाशी मरतायत? मी कुणाचा जीव मागत नाहीये. फक्त तिचा आवाज, एकदा, पुरता.

त्याने पुन्हा गाळणी लावली. खालचं यंत्र बंद पडल्यासारखं गप्प झालं.

त्यानंतर तो काकूंना टाळून जिना उतरू लागला.

५

ठकूला काही कळत नव्हतं असं नाही. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, तुझं नवीन गाणं दाराबाहेरून ऐकलं. पहिल्यांदाच तुझं गाणं बंद होऊ नये असं वाटलं."

"छान."

"त्यात काय आहे?"

"गिटार आहे. दुसरं काय असणार?"

"मी मधलं विचारतेय. गिटार थांबते तिथलं."

"काही नाही," तो म्हणाला. "शांतता आहे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे आईसारखे होते, पण आवाज नाही. तिचा आवाज बापाचा, भरड, चौकातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. त्या आवाजावर तिचं पोट होतं. तलावाच्या खोल टोकाला एखादं पोर घाबरून हातपाय मारायला लागलं की ती काठावरून गरजायची, "माझ्याकडे बघ! पाय मार!" आणि पोर तिच्याकडे बघून पाय मारायचं.

"मला दाखव ना," ती म्हणाली.

"अजून झालं नाहीये. झालं की आधी तुलाच."

त्याला ते खरंच तसं करायचं होतं का? कुणास ठाऊक. इतक्या दिवसांनी मिळालेलं ते एवढंसं, त्यात वाटेकरी नको, असंही त्याच्या मनात असेल. माणूस प्रेमात असतो तेव्हा फार चिक्कू होतो.

६

शेवटचं रेकॉर्डिंग त्याने एका ढगाळ दुपारी केलं. माइक लावला, दार ओढून घेतलं आणि गॅलरीच्या पार टोकाला जाऊन, खाली रस्त्याकडे बघत उभा राहिला. एक बाई लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. एक माणूस सायकल ढकलत चालला होता. या सगळ्यात मागे घरात कोण आलं, कोण गेलं, त्याचं त्याला भान नव्हतं.

परत येऊन त्याने आवाजाचं चित्र पडद्यावर उघडलं. आता जवळजवळ काही उरलंच नव्हतं, खोली कोरी झाली होती. फक्त एका जागी तळाला एक बुटका, पुसट डाग पसरला होता. सांडपाण्याचा नळ, त्याने ठरवलं. वरच्या मजल्यावरून पाणी सोडलं की असंच दिसतं.

आता, या कामातला पहिला नियम असा की काढण्याआधी ऐकायचं. कावळोबाने नवख्या पोरांना हे दहादा बजावलं असेल. पण त्याला घाई झाली होती. आयुष्यभर कानांवर जगलेला माणूस, त्या दिवशी डोळ्यांवर विसंबला. त्याने डागाभोवती चौकट ओढली, "हा नको" म्हटलं आणि हेडफोन घट्ट धरले.

"ठकू."

तीच! अगदी तीच, दोन हातांच्या अंतरावर उभी असल्यासारखी. काहीतरी निवडत, मान वर न करता.

"ठकू, ओ दे गं."

कावळोबाला हुंदका फुटला. इतके दिवस अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो टेबलाची कड धरून रडला, हसला, पुन्हा मागे नेऊन ऐकलं, पुन्हा रडला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ती त्याला हाक मारतच नव्हती. ते दोन अक्षरी नाव त्याचं नव्हतं. इतके दिवस, पहिल्या दुपारपासून, ती लेकीला बोलावत होती. त्याला वाईट वाटलं का? वाटलं. लहान मुलासारखं वाईट वाटलं.

"ठकू? अगं, ओ दे ना." आता आवाजात काम सोडून मान वर केल्याचा बदल होता.

दार उघडलं. ठकू आत आली. केस ओले, गळ्यात शिट्टी. तिचं तोंड हलत होतं, हात हलत होते, काहीतरी मजेशीर सांगत असावी तशी. कावळोबाने हेडफोन काढले. तिचं तोंड हलतच होतं. खोलीत तिच्या चपलांचा आवाज आला, पिशवी टेकवल्याचा आला.

"ठकू?"

ती थांबली. पुन्हा काही बोलली. मग तिने स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, अगदी सावकाश, आणि बापाकडे बघितलं.

गाळलेलं काय होतं तेवढंच ऐकायची एक सोय असते. त्याने हेडफोन पुन्हा चढवले आणि ती सोय लावली. नळ नव्हताच. बंद दारापलीकडून, दबलेल्या, भरड आवाजात ठकू बोलत होती. आज लवकर सुटली असेल, बाप आत आहे असं समजून दाराला टेकून उभी राहिली असेल, ओ आली नाही म्हणून पुन्हा बाहेर पडली असेल. "बाबा, आत आहेस ना? मला माहितीये तू आईला ऐकतोस. मला पण एकदा ऐकव ना रे. मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. मी मधे काही बोलणार नाही. गप्प बसेन."

कावळोबाने ती सोय बंद केली आणि त्याचा हात गाळणी मागे घ्यायच्या कळीकडे गेला. एक दाबली की झालं, शेवटचं केलेलं उलटं होणार होतं. त्या गडबडीत हेडफोनची वायर ओढली गेली, सुटली, आणि खोलीतले स्पीकर बोलू लागले.

"ठकू, कुठे आहेस गं?"

ठकूने बापाचं मनगट पकडलं. पोहणाऱ्या माणसाची पकड ती, त्याला बोट हलवता येईना. तिने मान जोरजोरात हलवली. नको. डोळे घळाघळा वाहत होते आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की तिच्या लहानपणानंतर त्याने ते पाहिलं नव्हतं. ती स्पीकरकडे वळली. तोंड गोल केलं. मानेच्या शिरा ताणल्या, छाती भरून श्वास घेतला, आणि तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाईल अशी ओ दिली. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

"ओ का देत नाहीयेस?" आता तिकडे काळजी होती. "ठकू? बरी आहेस ना?"

ठकूने पुन्हा ओ दिली. पुन्हा दिली. लाल झाली, वाकली, टेबलावर मूठ आपटली.

"बरं, थांब," स्पीकरमधून आलं, घरातल्या कुठल्याही आईने म्हणावं तसं, पदराला हात पुसत. "थांब, मीच येते."

ठकूची पकड सैल पडली. कावळोबाने कळ दाबली.

"—ई! आई! मी इथे आहे! ओ, आई, ओ!"

आवाज सगळ्या घरात घुमला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खाली यंत्र गप्पच होतं. स्पीकरमधे दबकी, अस्पष्ट कुजबूज होती, दारापलीकडून कुणीतरी काहीतरी मागत असल्यासारखी, आणि तिच्यामागे दुसरं काही असलं तर ते आता कळण्यापलीकडे गेलं होतं.

७

बराच वेळ दोघं तिथेच जमिनीवर बसून राहिली. ठकू हुंदके देत होती. ती भांडेल, का केलंस असं विचारेल, अशी वाट बघत कावळोबा मान खाली घालून बसला होता.

ती शेवटी बोलली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. "बाबा, आई येते म्हणाली."

"ठकू, ते रेकॉर्डिंग आहे."

"कधीचं?"

तो सुटलेली वायर गुंडाळू लागला.

"बाबा, कधीचं आहे ते?"

"आज दुपारचं."

"मग?" ठकू म्हणाली. "दुपारी म्हणाली, येते. आता संध्याकाळ झाली."

तो तिला समजावणार होता. ज्याला आपण आपलं समजतो ते आपलंच असेल कशावरून, हे सांगणार होता. ती हाकेत कधी इतकी घाबरायची का, ते विचारणार होता. गेलेलं माणूस पदराला हात पुसत येत नसतं आणि जे येतं त्याच्यासाठी दार उघडायचं नसतं, असलं काहीतरी बापाने म्हणायचं असतं. शब्द सगळे होते त्याच्याकडे. तो लेकीच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याच्या कानात मघाचा तो आवाज होता, स्वच्छ, जवळचा, आता कधी विसरणार नाही असा.

ठकू उठली. बाहेरच्या खोलीत गेली. कडी काढल्याचा आवाज आला, मग दार भिंतीला टेकेपर्यंत उघडल्याचा. ती परत आली नाही, तिथेच उभी राहिली असावी.

कावळोबाने उठून ते दार लावून घ्यायला हवं होतं. तो उठला. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची होती, ती त्याने दाराकडे वळवून घेतली आणि बसला.